पाखरं पडतायत

माझ्या कॅमेऱ्याचा झूम पूर्ण बाहेर काढला की मस्कतच्या गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे दिसतात, आणि वारा नसेल तर ते कुणाचे हेही कळतं, असं मी रत्नागिरीत निदान दोनशे माणसांना सांगितलेलं आहे. दीडशे हसले, चाळीसेकांनी मान डोलावली, आणि उरलेल्यांतला एकजण, ज्याचा मुलगा खरोखरच मस्कतला आहे, संध्याकाळी दीपगृहाच्या टेकडीवर हजर झाला. म्हणाला, जरा बघू दे. मी त्याला क्षितिजावरचा एक ढग दाखवला आणि म्हटलं, आज तिकडे धूळ उडालेली दिसते. बिचारा पाच मिनिटं ढग बघून समाधानानं घरी गेला.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी एक खोटं बोललो आहे आणि ते या जातीचं नव्हतं.

माझं चष्म्याचं दुकान आहे. तीस वर्षं गावाचे नंबर काढतोय. कॅमेरा मुलीनं घेऊन दिला, दुकानातून थोडं बाहेर पडा म्हणून. याला ब्रिज कॅमेरा म्हणतात. भिंग अंगालाच जन्माचं चिकटलेलं, काढायचं नाही, बदलायचं नाही, पिशवीत तीन-तीन नळकांडी घेऊन हिंडायचं नाही. डब्यासारखा दिसतो आणि खिशात मावत नाही, पण लांबचं असं जवळ आणतो की पहिल्या दिवशी मी भाट्याच्या खाडीपलीकडच्या बगळ्याला चुकून ‘या, बसा’ म्हटलं. तेव्हापासून मी वाया गेलो. लांज्याला भाच्याच्या लग्नाला गेलो तर परत येताना माझ्याकडे नवरा-नवरीचे चार फोटो आणि मांडवामागच्या आंब्यावरच्या हळद्याचे एकशे दहा. बायको अजून सांगते, की अल्बमात नवरीच्या शेजारी पिवळा दिसतो तो नवरा समजू नका.

बसलेला पक्षी या कॅमेऱ्याला सोपा जातो. उडता मात्र अजिबात धार्जिणा नाही. मी बटण दाबतो, मग कॅमेरा विचार करतो, मग भिंग पुढे-मागे हलवून घसा साफ करतो, आणि मग पक्षी नुकताच जिथून गेला त्या आकाशाचा अत्यंत स्वच्छ फोटो काढतो. माझ्याकडे आकाशाचे अडीच हजार फोटो आहेत.

यावरून मला सर्वांत जास्त छळायचा तो आमच्या गल्लीतला दंतवैद्य. त्याची लेन्स मुसळाएवढी. आम्ही पक्षी बघणारी दहा-बारा माणसं रविवारी जमायचो. त्यात तो माझा डबा हातात घ्यायचा, उलटासुलटा करून बघायचा, आणि सगळ्यांसमोर मला विचारायचा, की काका, यात पोह्यांसाठी वेगळा कप्पा आहे का? हिवाळ्यात नाट्यगृहाच्या दालनात आमचं फोटोंचं प्रदर्शन ठरलं आणि विषय निघाला ‘भरारी’. दंतवैद्यानं तो विषय मला डोळ्यांसमोर ठेवूनच सुचवला होता. मी छाती पुढे काढून म्हणालो, माझ्याकडे असा फोटो आहे की तो बघून पाखरंसुद्धा प्रदर्शनाला येतील. अर्थातच नव्हता.

आता तांडेलाचं सांगतो. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. जाळं कुठं टाकायचं हे ठरवणारा तोच. हा राजिवड्याचा, आणि माझा शाळेतला जोडीदार. एका बाकावर बसून आम्ही दोघांनी चौथी दोनदा केली. त्याच्या आजोबांपासून घरात समुद्रच. पोटापुरता आखातात जाऊन आला, तिथं करमलं नाही, परत येऊन होडी घातली. बरोबर सहा खलाशी. त्याची ख्याती एकाच गोष्टीची होती, नजर. समुद्रात मासळीचा थवा वर आला की वरून पाखरं त्याच्यावर सूर मारतात. कुरव, सुरय, जी असतील ती. आमच्याकडचे कोळी त्याला म्हणतात ‘पाखरं पडतायत’. जिथं पाखरं पडतात तिथं बांगडा असतो, तारली असते. ज्याला ती आधी दिसतात त्याची होडी आधी पोचते. आणि ह्याला ती इतक्या लांबून दिसायची की बाकीच्या होड्या स्वतःची नजर खर्च न करता ह्याच्या होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, कुठं वळते तेवढंच बघायच्या.

दोन वर्षांपूर्वी भर दुपारी, गिऱ्हाईक नसताना, तो दुकानात आला. गॉगल बघायचाय म्हणाला. तीन गॉगल घालून काढले. मग दार लोटून घेतलं आणि म्हणाला, “चष्मेवाल्या, तो तक्ता लाव जरा.”

मी तक्ता लावला. वरचं सगळ्यांत मोठं अक्षर आहे ना, जे आमची म्हैससुद्धा वाचते, तिथं तो थांबला. बराच वेळ बघून म्हणाला, भिंतीला ओल आली काय तुझ्या? मग मी हातात पेपर दिला तर बारीक जाहिरातीसुद्धा घडाघडा वाचल्या. जवळचं लख्ख, लांबचं धुकं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला. इथं कुणी बघू नये म्हणून तो चिपळूणला जाऊन डॉक्टरला दाखवून आला. डॉक्टर म्हणाला, ऑपरेशन करा. तांडेल म्हणाला, पुढच्या पावसात, होड्या बंद असतात तेव्हा. तो पाऊस गेला, पुढचाही गेला. मला कळत होतं त्याचं. ऑपरेशन करून हिरवी पट्टी बांधून घरी बसला असता तर अख्ख्या राजिवड्याला कळलं असतं, आणि नजर गेलेल्या तांडेलाच्या होडीवर कोण चढणार? चष्मा दिला मी, पण होडीवर पाच मिनिटांत काचांवर खारं पाणी वाळतं आणि मग उघड्या डोळ्यांचं धुकं परवडलं.

ही गोष्ट त्यानं घरात बायकोला सोडून मला एकट्याला सांगितली. मला, ज्याच्याकडे एखादी गोष्ट सांगितली की संध्याकाळपर्यंत मालगुंडला पोचते आणि तिथून वाढून परत येते. पण ही मी पोटात ठेवली. खरंच ठेवली.

आणि मग माझ्याच डोक्यातून ती युक्ती निघाली. मी पहाटे दीपगृहाच्या टेकडीवर असतोच. खाली सगळा समुद्र पसरलेला. डोळ्यांना जिथं काहीच दिसत नाही तिथं माझ्या डब्यातून पांढरे ठिपके वर-खाली होताना दिसतात. फोटो म्हणून त्यांची किंमत शून्य, मिठाचे दाणे सांडल्यासारखे येतात. पण पाखरं पडतायत हे कळतं. मी तांडेलाला फोन करायचा. खलाशी बाजूलाच असायचे, म्हणून तो मला बर्फवाला समजून बोलायचा. “हां बर्फवाल्या, बोल,” म्हणायचा. मी सांगायचो, पाखरं पडतायत, काळबादेवीच्या समोर, साधारण चार मैल. तो म्हणायचा, “बरं, दोन लाद्या जास्त ठेव,” आणि फोन ठेवून थोडा वेळ उगाच समुद्राकडे बघायचा, कपाळावर हात धरून, मग मान वळवून सुकाणूवाल्याला दिशा सांगायचा. त्याचे खलाशी भारावून जायचे. मी टेकडीवरून झूममधून हे नाटक बघत असे आणि हसून हसून माझा कॅमेरा हलत असे.

दीड मोसम हे चाललं. त्या दीड मोसमात मी त्याला एकदाही चुकीचं सांगितलं नाही. गावात माझ्या बोलण्यातून रुपयातले चौदा आणे वजा करायची पद्धत आहे, पण तांडेल सोळाच्या सोळा आणे धरून नाळ वळवायचा. कधी पाखरं दिसली नाहीत तर मी सांगायचो, आज काही नाही. त्यानंही एकदाही विचारलं नाही, नीट बघितलंस ना?

प्रदर्शनाला आठ दिवस उरले होते. माझे आकाशाचे आणखी तीनशे फोटो काढून झाले होते. टेकडीच्या खाली, कड्यापासून जवळच, ओहोटीला उघडं पडणारं एक खडप आहे. खडप म्हणजे पाण्यातला खडकांचा पसारा. हिवाळ्यात त्याच्यावर सुरय येऊन बसतात. कबुतरापेक्षा मोठे, पिवळी चोच, डोक्यावर काळे केस तेल न लावता उभे राहिल्यासारखे. सगळे एका दिशेला तोंड करून, शाळेच्या प्रार्थनेला बसल्यासारखे. त्या सकाळी चाळीसेक होते. सूर्य माझ्या पाठीमागून वर आलेला, खालचं पाणी अजून काळसर, आणि पाखरं अशी पांढरी की झूममध्ये डोळ्याला लागत होती. बसलेल्यांचे साठ फोटो काढले. मला ती उडायला हवी होती, सगळी एकदम. तेही मी आधीच फोकस लावून तयार असताना, म्हणजे डब्याला विचार करायला वेळच द्यायचा नाही.

मी टाळ्या वाजवल्या. शिट्टी मारली. एका सुरयनं मान वळवून वर बघितलं आणि पुन्हा प्रार्थनेला लागला.

त्याच वेळी दक्षिणेला, पावस गावाच्या बाजूला, लांब, ठिपके हलताना दिसले. मी झूम तिकडे नेला. पाखरं पडत होती. असली तसली नव्हे, पाऊस पडल्यासारखी. मी मोबाइल काढला. तांडेलाची होडी बंदराच्या तोंडातून नुकतीच बाहेर पडत होती, मला दिसत होती, निळा रंग आणि वर फाटका झेंडा. मी नंबर लावला. “हां बर्फवाल्या,” तो म्हणाला.

मी खाली खडपाकडे बघितलं. ती होडी जर खडपाला घासून गेली असती तर चाळीसच्या चाळीस पाखरं उठली असती, आणि मध्ये निळी होडी, आणि सकाळचं ऊन.

मी म्हणालो, पाखरं पडतायत. खडपाच्या बाहेरच्या अंगाला, अगदी लागून.

खडप त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तिथं जाळं टाकायला त्याचे आजोबाही गेले नसते. तो म्हणाला, “एवढ्या आत?” मी म्हटलं, हो, घाई कर. तो म्हणाला, “बरं, दोन लाद्या.”

एवढंच संभाषण. मी पुष्कळदा मनात ते परत चालवून बघितलंय आणि दर वेळी मधे एक जागा सापडते जिथं मला थांबता आलं असतं. ‘एवढ्या आत?’ त्यानं विचारलं ना, तिथं. मी स्वतःला म्हटलं, जाळं टाकणारच नाही तो, बघेल, पाखरं पडत नाहीत म्हणेल, आणि मग मी लगेच पावसची बाजू सांगेन. पाच मिनिटांचा तर खेळ. हे मी स्वतःला इतक्या झटक्यात पटवलं, तितक्या झटक्यात मला दंतवैद्याला कधी काही पटवता आलं नव्हतं.

होडी आली. पाखरं उठली. काय उठली म्हणून सांगू! खडपच हवेत गेल्यासारखं वाटलं. माझा डबा त्या दिवशी पहिल्यांदा विचार न करता चालला. मी बोट उचललंच नाही. पांढऱ्या पंखांच्या जाळीतून निळी नाळ पुढे येत होती आणि नाळेवर तांडेल उभा, कपाळावर हात धरून, वर बघत. तो फोटो आला तेव्हा मी टेकडीवर एकटा नाचलो. दीपगृहाचा रखवालदार आतून बघून परत आत गेला.

नाचून झाल्यावर खाली बघितलं तर खलाशी जाळं सोडत होते.

त्याला उडालेली पाखरं दिसली होती. पांढरी धूसर हालचाल डोक्यावर, पाण्याजवळ, माझ्या सांगण्याप्रमाणे अगदी खडपाला लागून. त्याला ती पडतायत की उठतायत हे कळलं नाही, आणि कळायची गरजही वाटली नसेल, मी सांगितलं होतं ना. मी फोन लावला. लागला नाही. परत लावला. मग त्यानं उचलला तो जाळं पूर्ण पाण्यात गेल्यावर, आणि म्हणाला, “आता नको बर्फवाल्या, कामात हाय.” भरती लागलेली होती. पाण्यानं जाळं आत ओढलं, खडपाखालच्या दातांत घातलं, आणि मी वरून, मस्कतचे कपडे बघणाऱ्या झूममधून, सहा माणसांना दोरीला लोंबकळताना बघत बसलो. दोन तास ते ओढत होते. आलं त्यातलं निम्मं चिंध्या होऊन आलं आणि उरलेलं कापून सोडावं लागलं. तोवर पावसच्या बाजूला बाकीच्या होड्या काठोकाठ भरल्या होत्या. संध्याकाळी बंदरावर बांगड्यांचे ढीग होते. त्यातला एकही त्याचा नव्हता.

त्यानं मला फोन केला तो रात्री जेवण झाल्यावर. मला वाटलं, आता शिव्या. तर म्हणाला, पाखरांचं काय खरं नसतं, थवा खाली गेला असेल. तू तरी काय करणार. उद्या लौकर जा टेकडीवर.

प्रदर्शनातल्या माझ्या फोटोचं जे व्हायचं ते झालं. दंतवैद्यानं मुसळ खांद्यावरून उतरवून ठेवलं आणि फोटोसमोर इतका वेळ आ वासून उभा राहिला की मला त्याच्या दातांची काळजी वाटली. म्हणाला, काका, हरलो. आलेल्या लोकांनी चिठ्ठ्या टाकून जो फोटो निवडला तो माझाच. एकानं वहीत अभिप्राय लिहिला, ‘तांडेलाच्या नजरेत समुद्र आहे.’ मी तो वाचला आणि कुणीतरी पुढे केलेला बटाटेवडा खाल्लाच नाही. मी बटाटेवडा सोडला, हे ज्यांना मी माहीत आहे त्यांना बरोबर कळेल.

तांडेल प्रदर्शनाला आला होता. पांढरा इस्त्रीचा शर्ट, अत्तर लावून, बायकोला, म्हणजे आमच्या भाभींना, घेऊन. फोटोच्या अगदी जवळ गेला, नाक लागेल इतक्या. जवळचं त्याला छान दिसतं. बराच वेळ बघितलं. मग भाभींना म्हणाला, “बघ, मी केवढा बारीक झालोय.” आणि माझ्याकडे वळून, एक प्रत दे म्हणाला, घरात लावायला. मी दोन फूट बाय तीन फूट, फ्रेम करून दिली. त्याहून मोठी मिळाली नाही म्हणून.

पुढचा महिना जाळं शिवण्यात गेला. त्याच्या अंगणात, पोफळीच्या सावलीत, उरलेलं जाळं पसरलं होतं आणि घरातली सगळी माणसं त्याच्या कडेनं बसलेली. मी रोज दुकान बंद करून तिथं जायचो. मला शिवता येत नाही, मी दुसरं टोक ताणून धरायचो. आणि गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही म्हणून कथा सांगायचो. एक समुद्री गरुड माझ्या कॅमेऱ्यासमोर तीनदा मासा घेऊन आला, कारण पहिल्या दोन वेळा त्याला स्वतःची पोझ आवडली नाही. खंड्यानं माझ्या टोपीवर बसून मला फोकस शिकवला. भाभी तोंडाला पदर लावून हसायच्या. आतल्या खोलीच्या उघड्या दारातून समोरच्या भिंतीवरची दोन बाय तीनची फ्रेम दिसायची. मी तिच्याकडे पाठ करून बसायला शिकलो. चहा यायचा, कधी सांदणं. मी सगळं खायचो, जीव तोडून खायचो, आणि माझ्या हातात त्या जाळ्याची भोकं असायची.

मग एक दिवस दुकानात त्याचा जुना खलाशी आला, गॉगल घ्यायला. बोलता बोलता सांगून गेला की तो आणि आणखी एकजण होडी सोडून दुसऱ्या तांडेलाकडे लागलेत. मी विचारलं, का रे? आठ वर्षं होतास ना. तो म्हणाला, माणूस देव आहे, पण आता नजर राहिली नाय. त्या दिवशी खडपात घातलंन आम्हाला. बसलेली पाखरं उठली, आम्हाला सगळ्यांना दिसत होतं, ह्याला वाटलं पडतायत. आम्ही बोललो पण ऐकलं नाय.

बोलले होते. मला हे माहीतच नव्हतं. सहा डोळस माणसं त्याला सांगत होती की इथं काही नाही, आणि त्यानं टेकडीवरच्या एका माणसाचं ऐकलं.

त्या खलाशाला मी गॉगल दिला आणि तोंड मिटून ठेवलं. ‘चूक माझी, मी फोन केला होता’ असं तिथंच सांगितलं असतं तर तांडेलावरचा डाग गेला असता आणि त्याजागी त्याहून मोठा आला असता. न सांगावं तर आहे तो त्याच्या कपाळी.

संध्याकाळी गेलो. घरातली बाकीची माणसं उठून गेली होती, तो एकटाच सुई चालवत होता. मी टोक धरलं नाही, उभाच राहिलो.

“त्या दिवशी मी खोटं बोललो,” मी म्हणालो. “पाखरं पडत नव्हती. बसलेली होती.”

त्यानं गाठ मारली, दोरा ओढला. “किती होती?”

“चाळीसेक.”

“मग फोटोत तेवढीच आलीत.” दुसरी गाठ मारली. “आणि पडत कुठं होती?”

ह्याची मी तयारी केली नव्हती. त्याला हे विचारायचं सुचेल असं मला वाटलं नव्हतं. “पावसकडे,” मी म्हणालो. “मी बघितली होती. तुला फोन लावायच्या आधी.”

सुई थांबली. समोर भाट्याच्या खाडीवर ऊन उतरत होतं. तो तिकडे बघत राहिला, कपाळावर हात न धरता. त्याला तिथं काय दिसत होतं मला ठाऊक होतं, ओल आलेली भिंत.

“फोटोसाठी होडी आण म्हणाला असतास,” तो म्हणाला, “तर आणली नसती काय मी? जाळं घरी ठेवून आलो असतो.”

मी म्हटलं, मी खलाशांना सांगतो सगळं, दोघांना परत आणतो, बंदरावर उभा राहून सांगतो. तो म्हणाला, “काय सांगशील? तांडेल दुकानदाराच्या डोळ्यांनी धंदा करतो म्हणून?” हे त्यानं अगदी साध्या आवाजात म्हटलं. मग भाभींना हाक मारून चहा सांगितला, माझ्यासाठी साखर जास्त. चहा पिऊन होईतो तो होडीला नवा रंग कुठला द्यावा हे बोलत होता. मी हिरवा म्हटलं. उठताना दारातून फ्रेम दिसली. तिथंच होती. ती काढून ठेवली असती तर मला थोडं बरं वाटलं असतं, आणि मला बरं वाटायची सोय करणं हे काही त्याचं काम नव्हतं.

जाळं तयार झालं. नवे दोन खलाशी मिळाले, कच्चे, पण मिळाले. ऑपरेशन या पावसात नक्की, असं भाभी सांगतात, तारीखही घेतली आहे.

होडी पुन्हा समुद्रात गेली त्या पहिल्या सकाळी मी टेकडीवर उजाडायच्या आधीच पोचलो. तासाभरानं आरे-वारेच्या समोर पाखरं दिसली. तीनदा खात्री केली. अंतर मोजलं, कुरव किती, सुरय किती तेही मोजलं. आणि फोन लावला. “पाखरं पडतायत,” मी म्हणालो, आणि दिशा सांगितली.

दीड मोसमात जे त्यानं कधी केलं नव्हतं ते केलं. थांबला.

“फोटो टाक,” तो म्हणाला, आणि ठेवला.

आता असं आहे, की या डब्यातला फोटो मोबाइलवर घ्यायचा म्हणजे आधी दोघांची ओळख करून द्यावी लागते. कॅमेरा मोबाइलला शोधतो, मोबाइल कॅमेऱ्याला शोधतो, दोघं एकमेकांना ओळख दाखवत नाहीत, मग एकदा बंद करून चालू करायचं. मग एक निळी रेघ पडद्यावर सरकायला लागते. टेकडीवर रेंज एकच कांडी. आठ मिनिटं, कधी दहा. पाखरं एका जागी दहा मिनिटं पडत नाहीत.

मी रेघेकडे बघत होतो. रेघ अर्ध्यावर आली तेव्हा वर मान करून बघितलं. ठिपके उत्तरेला सरकले होते. खाली त्याची होडी इंजिन बंद करून उभी होती, लाटेवर वर-खाली होत, आणि नाळेवर तो खाली मान घालून, हातातल्या मोबाइलकडे बघत उभा होता.